दुरडी, नवरी, सवत

अक्का, तुमच्या दहाव्याला मी खोटं बोललो.

तळ्याच्या काठावर तीन दगडांवर भात शिजत होता. तुमचा मुलगा महादू ओल्या धोतरात उभा होता. आणि तुमच्या सुनेनं, गोदानं, चार माणसांदेखत मला विचारलं, "कारकून, वही आणलीया न्हवं?" मी म्हणालो, "नाही हो गोदाबाई, गडबडीत घरीच राहिली." वही माझ्या पिशवीत होती. मी पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली आणि चुलीच्या धुराकडे बघत राहिलो.

तुम्ही असतात तर तिथल्या तिथं पकडलं असतंत. "कारकून चष्मा पुसाय लागले की वळकावं, कायतरी दडवत्यात," हे तुमचंच वाक्य. त्या दिवशी मी तीनदा चष्मा पुसला. कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात येणारं माणूस गेलं होतं म्हणून तर आम्ही जमलो होतो.

आज सतरावा दिवस. उद्या सकाळच्या एसटीनं मला तामलवाडीला जायचं आहे आणि गोदासमोर उभं राहायचं आहे. त्याआधी तुम्हाला सांगणं भाग आहे. माणूस गेलं की त्याचा जन्म, गाव, मुलंबाळं असं सगळं ओळीनं लिहायची पद्धत आहे, पण ते मला जमायचं नाही. तुमची जन्मतारीख तुम्हालाच ठाऊक नव्हती. सोलापूरच्या दवाखान्यात फॉर्मवर वय मी अंदाजानं पंच्याहत्तर टाकलं, तर तुम्ही खाटेवरून म्हणालात, "ऐंशी टाका. जरा वजन पडंल." तापानं फणफणलेलं माणूस असं बोलतं आणि आपण हसतो, आणि आठवड्यानं ते माणूस नसतं. मला हे अजून नीट कळलेलं नाही.

आपली गाठ सराट्यानं घालून दिली. अकरा वर्षं झाली. तुमच्या गावात एका जावळाला आलो होतो, जेवणं आटोपून माळावरच्या कच्च्या वाटेनं निघालो आणि मोटरसायकलचं मागचं चाक बसलं. भर उन्हात मी गाडीला, रस्त्याला आणि ज्यांचं जावळ होतं त्यांनाही शिव्या देत होतो. तुम्ही शेरडांमागून आलात.

"काय रुतलं?"

"काटा."

"काट्याला नाव हाय का न्हाय? का नुसताच काटा?"

मी तुळजापुरातल्या एका शाळेच्या कार्यालयात उभा जन्म काढलेला माणूस. आमच्या घराण्यात सगळे देवीच्या पूजेतले, मी एकटा फायलींत गेलो. अडाणी बाईनं उन्हात माझी परीक्षा घ्यावी हे मला मुळीच आवडलं नाही. मी फटकन म्हणालो, "नावानं काय पंक्चर निघतंय का?"

"पंक्चर न्हाय निघायचं," तुम्ही म्हणालात. "पन शिवी कुनाला द्याची त्ये तरी कळंल. सराटा हाय त्यो."

मला हसू आलं. मग डांबरी रस्त्यापर्यंत मी गाडी ढकलत होतो आणि तुम्ही वाटेवरच्या एकेका झुडपाशी थांबून नाव घेत होतात. कुंजीर, चिघळ, पाथरी, हेकळ ही मला लहानपणापासून माहीत होती. पण मध्येच तुम्ही दगडाच्या फटीतलं एक चमकदार पानाचं रोप दाखवून "ह्यो म्हातारीचा आरसा" म्हणालात, आणि जमिनीला चिकटून पसरलेल्या एका वेलीला "उपाशी" म्हणालात. माझ्या खिशात रजेच्या अर्जाचा कोरा नमुना होता. त्याच्या पाठीवर मी तेवीस नावं लिहिली. एवढी नावं कुठल्याच कागदावर नाहीत, या विचारानं मला रात्रभर चैन पडली नाही. कागदावर नसलेली गोष्ट मला सहन होत नाही. तो माझा स्वभाव, आणि पुढं जे झालं तेही त्यातूनच झालं.

पुढच्या रविवारी मी वही घेऊनच आलो. मग दर रविवारी.

तुमचा एक नियम होता, आणि त्यानं माझा जीव मेटाकुटीला यायचा. नाव सांगायचं ते झाडासमोर उभं राहून, आणि झाड मुळावर असताना. मी एकदा बांधावरचं फूल तोडून तुमच्या घरी आणलं, तर तुम्ही त्याच्याकडं बघितलंही नाहीत. "तोडल्यालं इचारू नका. त्यो आता पाला झाला. पाल्याला नाव नसतंया." मी फोटो काढून मोबाईल पुढं केला, तर तुम्ही पदरानं काच पुसून परत दिलात आणि म्हणालात, "चला की मग तिथं." दोन कोस. त्या एका नावासाठी मी दोन कोस चाललो, आणि चालताना सहा नवीन नावं मिळाली. घरी आल्यावर बायकोनं पायाला तेल लावून दिलं आणि म्हणाली, ती बाई तुमच्यापेक्षा हुशार आहे.

बायको वारली तेव्हा तुम्ही भेटायला तुळजापूरला आलात. दारात बसलात, पाणी प्यालात, आणि सगळे बोलतात तसं एक अक्षर बोलला नाहीत. पुढच्या रविवारी मी येणार नव्हतो. महादूला फोन करायला लावून तुम्ही बोलावून घेतलंत. माळाच्या पायथ्याशी उभं केलंत आणि म्हणालात, "म्हना." मी विचारलं, काय म्हणू? "नावं म्हना. खालपासनं वरपर्यंत. म्या मागनं येती." मी म्हणत गेलो. अर्ध्या चढाला रडायला लागलो आणि तरी म्हणत गेलो, कारण तुम्ही मागून "म्होरं, म्होरं" करत होतात. अक्का, त्या दिवशी तुम्ही मला धरून ठेवलंत. याचे आभार मानायचे राहिले. तुमच्यासमोर आभार मानायची मला लाज वाटायची, आणि तुम्हालाही ते आवडलं नसतं. पण मानायला हवे होते.

आता आपल्या भांडणाकडं येतो.

चौसष्ट नंबरची नोंद. माळाच्या खालच्या अंगाला, मुरमाडात येणारं ते हातभर उंचीचं झुडूप. मृगानंतर एका रविवारी तुम्ही म्हणालात, "ही दुरडी." मी लिहिलं. भाद्रपदात त्याच जागी, त्याच झुडपाशी थांबून म्हणालात, "ही नवरी." मी म्हटलं, अक्का, ही दुरडी आहे. तुम्ही म्हणालात, "दुरडी हुती." मी पान उलटून दाखवलं. आणि आश्विनात तिसऱ्यांदा गेलो, तर तुम्ही शेरडांना दगड मारून लांब हाकललंत आणि म्हणालात, "सवत हाय ती, जाऊ देऊ नगा."

मी वही मिटली. मला खरंच राग आला होता. "एका झाडाला एकच नाव पाहिजे अक्का. असं दर महिन्याला बदलायला लागलं तर नोंद ठेवायची कशी?"

"कारकून, तुमाला शाळंत काय म्हनत्यात?"

"भाऊसाहेब."

"आन पोरगं?"

"बाबा."

"आन तुमची आय काय म्हनायची?"

मी सांगितलं नाही. माझी आई मला काय म्हणायची ते सांगण्यासारखं नाही. तुम्ही हसलात. "मग तुमी तीन जन हाय का येकच?"

"माणसाचं वेगळं. आणि सरकारी कागदावर माझं एकच नाव आहे."

"मग बसा कागद घिऊन," तुम्ही म्हणालात आणि शेरडांच्या मागं गेलात. त्या दिवशी तुम्ही मला भाकरी विचारली नाहीत. अकरा वर्षांत तो एकच रविवार.

हे भांडण आपण पुरतं कधी केलंच नाही. तुम्ही दोन-दोन, तीन-तीन नावं सांगत राहिलात, मी लिहून घेत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, वय झालं, आज एक आठवतं, उद्या दुसरं. तुम्ही विसरता असं मी ठरवून टाकलं. माळावरचं एकेक रोप ज्या बाईला तिच्या शेरडांइतकं ठाऊक होतं, ती विसरते, असं मी ठरवलं.

निवृत्त झालो आणि पक्की वही करायला घेतली. चांगली जाड, लाल कापडी पाठीची. दोनशेच्या वर झाडं झाली होती. कच्च्या सात वह्या समोर ठेवल्या, लाल पेन घेतलं, आणि जिथं एका झाडाला एकाहून जास्त नावं होती तिथं पहिलं ठेवून बाकीची खोडत गेलो. तीन महिने हेच काम केलं. काय समाधान वाटायचं ते सांगू? शाळेचं दप्तर लावताना वाटायचं तसं. एक झाड, एक नाव, एक ओळ. मग दिवाळीची झाडझूड आली आणि सातही कच्च्या वह्या मी माझ्या हातानं रद्दीत घातल्या. सुतळीनं नीट बांधून घातल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

पक्की वही तुम्हाला दाखवायला आणली तेव्हा तुम्ही ती मांडीवर घेतलीत. वाचता येत नव्हतं, तरी पान पान उलटून बघितलंत. प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलंत. "समदं हाय?" तुम्ही विचारलंत.

"सगळं आहे अक्का."

ते पहिलं खोटं. दहाव्याचं दुसरं.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तो दिवस आता डोळ्यांसमोरून हलत नाही. महादू औषधं आणायला खाली गेला होता, गोदा चूळ भरायला पाणी आणत होती. तुमच्या हाताला सुई होती आणि दुसऱ्या हातानं तुम्ही खाटेच्या कडेची सुटलेली पट्टी चाळवत होतात. खिडकीतून समोरची भिंत दिसत होती, तिच्यावर एक पिंपळाचं रोप आलेलं. मी म्हटलं, अक्का, याचं नाव सांगा. माझा आपला विनोद. तुम्ही हसला नाहीत.

"कारकून, दुरडी आता नवरी व्हायला आली आसंल."

"हो अक्का."

"गोदाला ध्यान ऱ्हायचं न्हाय. तिला सांगा, कसं वळकायचं त्ये."

आणि मी काय केलं? तुमच्या खाटेवर वाकून, मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं बोललो, "नोंद आहे अक्का. चौसष्टवर. काळजी करू नका." कसं ओळखायचं, हे विचारलं नाही. तुम्ही सांगायला तयार होतात. तुमच्या अंगात तेवढी ताकद होती. दोन वाक्यं लागली असती.

"नोंद हाय?" तुम्ही विचारलंत.

"आहे."

"मग झालं," म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. तोंडावर एवढं समाधान की मलाच बरं वाटलं. बसस्थानकावर येऊन मी चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी दुपारी महादूचा फोन आला.

आता दहाव्याचं सांगतो, कारण तुम्ही तिथं नव्हतात.

गोदानं तुमच्या आवडीचं सगळं केलं होतं. हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी. आणि तिच्या मनात होतं दुरडीची भाजी ठेवायची. "अक्काचा जीव हुता त्या भाजीवर," ती म्हणाली. पहाटे ती माळावर जाऊन आली होती. झुडपांना बारीक पिवळ्या कळ्या दिसत होत्या. आणि तिथंच ती अडली. "नवरी झाली म्हंजी खायची न्हाय, येवढं आमाला ठावं हाय. अंगाला हळद लागल्यावर नवरीला हात लावत न्हाईत, तसं. पोटात कळा येत्यात. पन नवरी कवा हुती? कळी दिसली की, का फूल उमललं की? त्ये अक्काच बगून सांगायच्या. तुमी वहीत बगा."

तेव्हा मला कळलं, अक्का. तळ्याच्या काठावर, साठी उलटल्यावर. तुम्ही कधी विसरला नव्हतात. तुम्ही झाडाचं वय सांगत होतात. कधी ताटात घ्यायचं, कधी लांबून बघायचं, कधी शेरडांना हाकलायचं. कोवळी असताना दुरडीत भरायची म्हणून दुरडी. फुलावर आली की नवरी. शेंग धरली की घर बिघडवणारी, म्हणून सवत. हे बाहेरून आलेल्या कारकुनाला सोडून तुमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. तुम्ही मला ते कधी समजावून सांगितलं नाहीत, कारण इतकी साधी गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागेल असं तुम्हाला वाटलंच नसणार.

मी गोदाला विचारलं, "बाकीची? बाकीच्या झाडांची माहिती आहे तुम्हाला?" मला वाटलं, चला, निदान यांच्याकडं असेल.

"आमाला कुटली?" गोदा म्हणाली. "दोन-चार येत्यात रोजच्या भाजीतली. आमी इचाराय गेलो की म्हनायच्या, मला सारखं काय इचारता, म्हातारीचा जीव खाता? कारकुनाच्या वहीत हाय समदं. म्या मेल्यावर वही बगा." आणि मग तिनं विचारलं, वही आणलीया न्हवं?

माझी पाचावर धारण बसली. पिशवीतली वही उघडून मी तिला काय दाखवणार होतो? "अनुक्रमांक चौसष्ट. दुरडी. स्थान, माळ. फूल, पिवळे." एवढंच.

भाजी ठेवलीच नाही. महादूनं पिंड मांडला, सगळे मागं सरकले. मी मनात म्हणत होतो, कावळा येऊ नये. देवीची शपथ, मी तेच मागत होतो. कावळा शिवला नाही की माणसं पुढं होतात, हात जोडतात, तुझी अमुक इच्छा पुरी करू म्हणतात. मला पुढं व्हायचं होतं. मला सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, अक्का, वहीत काही नाही, मी खोडलंय, मला माफ करा. कावळा तासभर खोळंबला असता तर मी तेवढं धाडस केलं असतं.

कावळा लगेच आला. सगळे मागं होतात न होतात तोच आला, भाकरीचा तुकडा उचलला आणि बाभळीवर जाऊन बसला. बायका म्हणाल्या, सोजरअक्का सुखानं गेल्या, कशात जीव अडकला नव्हता.

कशाला अडकेल? वहीत होतं ना सगळं.

मी तसाच घरी आलो. त्यानंतर जेवलो की नाही आठवत नाही. वही कपाटात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटून माळाच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि म्हणायला लागलो, तुम्ही मला म्हणायला लावलं होतं तसं. पक्क्या वहीतलं एकेक नाव बरोबर येतं. त्याच्या पाठीमागची दोन-दोन नावं, जी मी माझ्या हातानं लिहून घेतली होती, ती येत नाहीत. जिभेवर येतात आणि जातात. एका वेलीला तुम्ही भाद्रपदात काहीतरी जावयावरून म्हणायचात, आणि आपण दोघं हसायचो. हसलो ते आठवतं. नाव गेलं.

परवा सकाळी गोदाचा फोन आला. आवाज चढलेला. "कारकून, पाट पोट फुगून पडलीया." तुमच्या करडी शेळीची ती तरणी लेक, कानावर पांढरा ठिपका असलेली, जिला तुम्ही दवाखान्यातूनही विचारत होतात. गोदा म्हणाली, "निळं बारीक फूल हाय, वड्याच्या काठाला, त्येच खाल्लं आसंल. काय हाय त्ये, काय द्याचं, वहीत बगा की." मी फोन कानाला लावून वही उघडली. ओढ्याकाठची, निळ्या फुलाची नोंद सापडली. एक नाव होतं. उतारा तुम्ही सांगितला होता की नाही, ते झाड कधी चालतं आणि कधी चालत नाही, काहीच नव्हतं. मी म्हणालो, "गोदाबाई, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा." ती म्हणाली, "बोलावलंया. वही काय म्हनती त्ये सांगा." मी पान उलटून मागची बाजू बघितली. डॉक्टर आले, त्यांनी केलं ते केलं आणि शेवटी हात टेकले. दुपारी पाट गेली.

तेरा शेरडं उरली आहेत, अक्का. आश्विन तोंडावर आहे. सवत शेंगेवर येईल. ओढ्याकाठी, बांधाला, माळावर काय काय वयात येईल ते मला माहीत नाही, आणि माहीत असलेलं माणूस आता कुणी नाही. तेरा शेरडं माझ्या वहीच्या भरवशावर सोडलेली आहेत.

परवापासून मी घर पालथं घातलं. रद्दीवाल्याकडं गेलो, तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. माळे, ट्रंका, शाळेची जुनी दप्तरं, सगळं उपसलं. काल दुपारी पलंगाखाली झाडं वाळवायच्या दोन लाकडी फळ्या सापडल्या. मी सुरुवातीला रोपं दाबून ठेवायचो, तुम्ही नावं ठेवायचात म्हणून सोडून दिलं ते; पक्की वही करताना मात्र पुन्हा एखाददुसरं दाबलं होतं. फळ्यांमध्ये एक वाळलेलं रोप होतं, आणि त्याला चिकटलेलं कच्च्या वहीचं एक पान. टिपकागद संपला असेल, मी खोडून झालेलं, हाताला लागलं ते पान फाडून घातलं असणार.

चौसष्टच होतं. देवानं दिलं ते एवढंच.

तीन वेगवेगळ्या शायांत, तीन रविवारी लिहिलेलं. पहिली ओळ, "दुरडी. भाजी करतात." दुसरी, "तेच झाड. आज नवरी म्हणतात. देठ मोडून दाखवला. आधी पाणी येत असे, आता दूध आले म्हणाल्या." तिसरी, "तेच झाड. आज सवत म्हणतात. शेरडे हाकलली."

देठ मोडून बघायचा. पाणी आलं तर दुरडी, दूध आलं तर नवरी. हे तुम्ही मला दाखवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर देठ मोडला होता. मी लिहून घेतलं आणि वाचलं नाही. दहाव्याच्या सकाळी गोदानं एक देठ मोडून बघितला असता तर तुमच्या पिंडाशेजारी तुमची भाजी ठेवायची की नाही ते ठरलं असतं. त्या दिवशी पाणी होतं की दूध, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर लाल रेघ आहे. पट्टी धरून मारलेली. आणि समासात माझा शेरा, खाली माझी सही. शेऱ्याखाली सही करायची मला सवय आहे, तुम्हाला माहीत आहे. शेरा असा आहे, "सांगणारी बाई एकाच झाडास तीन नावे सांगते. वयोमानाने विस्मरण. पहिले नाव ग्राह्य."

मी तो पंचवीस वेळा वाचला असेन.

उद्या गोदाकडे जातो. तिला म्हणणार आहे, वही रिकामी आहे, मी खोडली, दहाव्याला खोटं बोललो, आणि पाटीचा जीवही माझ्यामुळंच गेला असेल. मग तिला घेऊन माळावर जाणार आहे, आणि देठ मोडून दाखवणार आहे. एका झाडाचं मला येतं. दोनशेतल्या एकाचं. उरलेल्यांशी आम्ही दोघं जाऊन उभं राहू, महिन्या-महिन्याला, कुठलं शेरडू काय खातं, काय सोडतं ते बघत. त्यानं काय परत येईल ते मला माहीत नाही. फारसं येईल असं वाटत नाही.

हे चौसष्टचं पान मी गोदाला देणार आहे. तिला वाचता येतं. माझ्या टेबलावर पांढऱ्या शाईची बाटली आहे, समासातला शेरा झाकायला अर्धा मिनिट लागेल. सकाळपासून दोनदा हात तिकडं गेला. ती वाचेल, की ज्या माणसावर अक्कांनी सगळं सोपवलं त्यानं त्यांच्याबद्दल काय लिहिलं होतं, आणि खाली सही केली होती. महादूही वाचेल. पुन्हा माझ्याशी बोलतील की नाही, देवी जाणे.

बाटलीचं झाकण मी घट्ट लावून ठेवलं आहे. तुमची एवढी नावं खोडली, अक्का. हा शेरा खोडणार नाही.